नम्रतेची तयारी

"अगं रूथ, टॉवेल कुठं ठेवलास?" पवित्र गुरुवारी भर चर्चमध्ये मी असा ओरडलो, की वेदीवरच्या मेणबत्त्याही दचकल्या असतील. यंदा प्रत्येक नवऱ्यानं बायकोचे पाय धुवायचे, असं पाळकांनी सांगितलं होतं. पाणी तिनंच तापवलं, टबही घरून तिनंच कडेवर आणला. मी फक्त वाकलो, आणि माझ्या नम्रतेनं छप्पर उडायचंच काय ते बाकी राहिलं. ती ओल्या पायांनी उठली, टॉवेल घेऊन आली. या दिवशी शिष्यांचे पाय धुताना प्रभूनं स्वतःच्या कमरेला रुमाल स्वतःच बांधला होता. आम्हाला मात्र सेवक व्हायलाही हाताखाली बायको लागते.

नंतर पाळकांनी तिला विचारलं, "रूथबाई, कसं वाटलं?"

टब उचलत ती म्हणाली, "पाय मी घरूनच धुऊन आले होते."