रविवारचे रोडगे

नव्या घरातलं काय आवडलं, असं भागिरथाबाईंना विचारा. त्या खिडकी म्हणणार नाहीत, चकचकीत फरशी म्हणणार नाहीत, स्वयंपाकघरातला नळ म्हणतील. राहायला आल्यावर पहिले आठ दिवस त्या उगाच नळ सोडून बघत, आणि धार आली की कुणीतरी आपल्यावर उपकार केल्यासारखा चेहरा करून बंद करत. सून पौर्णिमा हसायची. हसू दे. मानोऱ्याकडच्या खेड्यात चाळीस वर्षं हापशीवर घागरीचा नंबर लावलेल्या बाईला नळाचं कौतुक नसेल, तर कुणाला असेल?

वाशीमच्या बाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला हे लेआउट पडलं तेव्हा इथे सोयाबीन उभं होतं. आता गल्ली झाली, नाली झाली, शाळेची गाडी दारापर्यंत येऊ लागली. मोकळ्या जागेत घसरगुंडी बसली आणि संध्याकाळी पोरांचा असा कालवा सुरू झाला की घरातला टीव्ही ऐकू येईना. नात सपना त्या कालव्यात पुढे असायची. तिच्यासाठीच तर संघपालने, भागिरथाबाईंच्या पाटबंधारे खात्यात लिपिक असलेल्या मुलाने, हे घर घेतलं होतं. आईला त्यात वेगळी खोली दिली. पासष्टाव्या वर्षी बाईला स्वतःचं दार मिळालं, आणि ती ते दिवसातून दहादा लावून उघडून बघायची.

पण एक धाकधूक होतीच. ही गल्ली आपल्या घरी जेवेल का?

गावात त्यांचा बौद्धवाडा वेगळा होता. संघपालचं लग्न झालं, त्याला नोकरी लागली, सपना झाली, तेव्हा तेव्हा भागिरथाबाईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन आवतण दिलं होतं. बाया यायच्या, अंगणात उभ्या राहून गोड बोलायच्या आणि जेवायची वेळ आली की म्हणायच्या, आज उपास हाये. तोंडावर "नाही" असं कुणी म्हटलं नाही. पण त्या उपासाचा अर्थ वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळायचा.

माघातल्या एका रविवारी घराचा कार्यक्रम ठरला. रविवार का, तर सगळ्यांना सुट्टी. सकाळी भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झालं, गावाकडचे पाहुणे जेवून दुपारच्या बसने परत गेले. संध्याकाळ गल्लीसाठी राखली होती. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भागिरथाबाईंनी गोवऱ्या पेटवल्या आणि स्वतः रोडगे भाजले. कणकेचे ते जाड गोळे निखाऱ्यात कधी फिरवायचे, हे फक्त आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज होता, आणि मदतीला आलेल्या पौर्णिमेला त्यांनी दोनदा हाकललं. वांग्याची भाजी तर अशी झाली की वास घसरगुंडीपर्यंत गेला.

गल्ली आली. पाच घरची माणसं, झाडून सगळी. घर पाहिलं, नळही पाहिला, कारण भागिरथाबाईंनी तो दाखवल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. चहा झाला. पौर्णिमेने ताटं मांडायला घेतली तशी समोरच्या घरची रुख्मिणी, शेती असलेल्या इंद्रभानची बायको, अवघडून म्हणाली, "मावशी, आज उपास हाये."

मग दुसरी तेच म्हणाली. मग तिसरी. पुरुषमंडळीही माना हलवून उठली.

भागिरथाबाईंनी हसून सगळ्यांना वाटेला लावलं, रोडग्यांवर फडकं टाकलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. संघपाल समजवायला आला. गल्ली चांगली आहे, कुणी वाईट बोललं नाही, असं काहीबाही सांगू लागला.

"गावातबी कोणी वाईट बोलत नोतं, बापा," त्या म्हणाल्या. "उद्या मले गावी नेऊन दे."

सकाळी त्यांनी पिशवी भरली. दोन लुगडी, चष्मा, गोळ्या. संघपाल गाडी काढत होता आणि सपना आजीच्या पदराला धरून रडत होती, तेवढ्यात फाटक वाजलं. अंघोळ करून आलेली रुख्मिणी उभी होती. मागे कालच्याच दोन बाया होत्या.

"रोडगे हायेत ना कालचे?" रुख्मिणीने विचारलं. "काल एकादस होती. बोलावलं तवा आमीबी तिथ पाह्यली नाई. आज बारस सोडाची हाये, म्हटलं तुमच्याच घरी सोडू."

पौर्णिमा संघपालकडे बघू लागली आणि दारात आलेला संघपाल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्या घरात तीन पिढ्यांत कुणी एकादशी धरली नव्हती. सुट्ट्या तेवढ्या बघायच्या, तिथी कोण बघतो?

बाया फरशीवर मांडी घालून बसल्यासुद्धा. थंडीमुळे भाजी चांगली राहिली होती. पौर्णिमेने ती गरम केली, रोडगे फोडले, वर तूप सोडलं. रुख्मिणीने दिवसभराच्या उपासानंतरचा पहिला घास भागिरथाबाईंच्या हातच्या रोडग्याचा घेतला. भागिरथाबाई तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या.

"काल मले खोटं वाटलं व," त्या म्हणाल्या. "जलमभर तेच आयकलं."

रुख्मिणीचा हात ताटात थांबला. "माह्या सासूनं किती जणीले खोटा उपास सांगतला, ते मी पाह्यलं हाये, मावशी. म्हणून तर रातभर डोया नाई लागला."

भागिरथाबाईंनी डोळे पुसले, ते लपवलं नाही. आपण किती नशीबवान, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मग भाजीचं भांडं पौर्णिमेच्या हातून ओढून घेतलं आणि रुख्मिणीच्या ताटात पळीभर भाजी वाढली. बाहेर गाडी सुरूच होती.

"बंद कर ते," त्यांनी संघपालला आतूनच सांगितलं. "अन् गोवऱ्या आण. कालच्या रोडग्यावर काय भागते?"