मेक्सिकोचं फूल, आफ्रिकेचं नाव

एप्रिलमधल्या एका सकाळी वसुधाताईंच्या निखिलचा फोन आला. 'मावशी, आई गेली,' एवढंच तो मराठीत म्हणाला. हार्ट अटॅक, हॉस्पिटल, पुढचं सगळं जर्मनमध्ये. मी ऐकत होते आणि बघत होते माझ्या खिडकीतल्या झेंडूच्या रोपांकडे... आठवड्यापूर्वीच ताईंनी आणून ठेवली होती. 'माझी खिडकी भरली गं, तुझ्याकडे ऊन चांगलं येतं.'

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातल्या आम्हा मराठी घरांना दसऱ्याला झेंडू मिळायचा तो ताईंमुळे. गावाबाहेर त्यांनी बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. मेच्या मध्यावर, जर्मन लोक 'आइसहायलिगे' म्हणतात ती शेवटची थंडी सरली की घरोघरी झेंडूची एकेक कुंडी पोचायची, आइस्क्रीमच्या काडीवर त्या घराचं नाव लिहून. शेजारच्या तुकड्यावरच्या डच बाईंनी एकदा या फुलाला 'आफ्रिकान्त्ये' म्हटलं, म्हणजे छोटा आफ्रिकन. ताई हट्टालाच पेटल्या. आपल्या दसऱ्याचं फूल आफ्रिकेचं कसं? दोन हिवाळे वाचनालयात बसून त्यांनी छडा लावला. फूल मुळात मेक्सिकोचं. जहाजातून स्पेनला आलं, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुजलं, आणि डचांना ते तिकडचंच वाटलं. हे सगळं त्यांच्या निळ्या वहीत होतं.

ती वही आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी 'टाइप करून देतो' म्हणून नेली, आणि दसऱ्याच्या कार्यक्रमात स्वतःचं संशोधन म्हणून वाचून दाखवली. ताई दुसऱ्या रांगेत होत्या. टाळ्याही वाजवल्या त्यांनी! परतताना मी भडकले, 'अहो ताई, गप्प का बसलात?'

'जाऊ दे गं. त्या फुलाने इतकी वर्षं चुकीचं नाव सोसलंच ना...'

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. वही तर परत आलीच नाही.

मी मात्र सोसणार नाही. शोकसभेत हेच गृहस्थ गहिवरून बोलले. त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. छापलेलं स्वतःचं नाव बघायला त्यांना फार आवडतं. नंतर जवळ येऊन हळूच विचारलं, 'वहिनी, यंदा झेंडूचं कसं करायचं?'

'मिळेल की,' मी गोड हसून म्हटलं.

काल काड्या लिहायला घेतल्या. यंदा कुठल्याच काडीवर घराचं नाव नाही. सगळ्यांवर एकच मजकूर, न पुसणाऱ्या पेनाने: 'वसुधाताईंचा झेंडू. नावाचा शोधही त्यांचाच.' गृहस्थांच्या काडीवर अक्षरं जरा ठसठशीत काढली. त्यांनी ती खुशाल उपटावी. बाकी प्रत्येक घरात तशीच असेल. आणि दसऱ्याला तोरणासाठी फुलं हवी असतील, तर ताईंच्या कुंडीपुढे त्यांना वाकावंच लागेल.