हृदयाचे आवाज

माझी मुलगी मुक्ता डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाली. तेव्हापासून पुस्तक उघडलं की तिचे डोळे भरून यायचे. मग ती पॉडकास्ट ऐकू लागली. काल दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. कुणी डॉक्टरीणबाई संथ आवाजात सांगत होत्या, हृदयाच्या झडपा मिटतात तेव्हा कोणता आवाज आधी येतो आणि कोणता नंतर. ओल्या साड्या वाऱ्याने फुगत होत्या. वाटलं, आपण सगळे बोलायलासुद्धा असंच, कुणाचं तरी ऐकत ऐकत शिकलो.

"पण नुसतं ऐकून लक्षात राहतं का गं?" मी विचारलं.

"थांब, बोलू नकोस," म्हणत तिने माझ्या छातीला कान लावला. डोळे मिटून ती सांगू लागली, आत्ता ही झडप मिटली, आता ती. कुठेच अडखळली नाही.

"ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे. पण केवढं धडधडतंय, आई! परीक्षा माझी आणि घाबरलीयेस तू."

मी तिचं डोकं तसंच छातीशी धरून ठेवलं. ठोके संथ झाल्याचं थोड्या वेळाने तिनेच मला सांगितलं.