बबनरावांची गोपनीय माहिती

दुसऱ्याचा कागद हातात असताना छताकडे बघणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात एकच आहे, आणि मी त्यांना काका म्हणते. काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्डं, सातबारे, जातीचे दाखले रोज त्यांच्या हातून जातात. पण गिऱ्हाइकाचा कागद वाचणं म्हणजे त्याच्या घरात खिडकीतून डोकावणं, असं काकांचं मत. म्हणून कागद काचेवर ठेवताना ते मान वर करून पंख्याकडे बघत. साहजिकच प्रत तिरकी निघे. दुसरी काढत, तीही तिरकी, फक्त उलट्या बाजूला. तिसरी गिऱ्हाईक स्वतः आत येऊन काढून घेई. कोणाला नावानं हाक मारायची नाही, हा दुसरा नियम. "निळी पिशवी, या", "चष्मेवाले, तुमचं झालं", असं चाले. भाजीवालीनं सहज "कुठं राहता?" म्हटलं, तर काका हातातली भेंडी खाली ठेवून "कशाला पाहिजे?" असं विचारत.

वाया गेलेल्या प्रती ते पूर्वी रद्दीत देत. मग एकदा वेरूळच्या रस्त्यावरच्या टपरीत त्यांनी भजी घेतली, आणि भज्यांखालच्या तेलकट कागदातून एका बाईचा फोटो, पत्ता आणि मोबाइल नंबर त्यांच्याकडे बघायला लागला. कागद कुठल्या दुकानातला हे विचारावं लागलं नाही. तो तिरका होता. काकांनी भजी तशीच सोडली, टपरीतली सगळी रद्दी उचलून आणली आणि त्या दिवसापासून दुकानाबाहेर एक चिटोरं जाऊ दिलं नाही. जाळून पाहिलं, तर एक अर्धवट जळलेला फोटो उडून शेजाऱ्यांच्या गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसला. तेव्हापासून मागच्या खोलीत पोती साठत गेली.

त्या पोत्यांशी माझा संबंध आला तो असा. कन्नड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्याआधी आमच्या घरात मेंढरांमागं फिरण्याखेरीज दुसरं शिक्षण कोणी घेतलं नव्हतं. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव नाही हे कळलं, त्याच दिवशी मी बाबांबरोबर काकांच्या दुकानात दाखल्यांच्या प्रती काढायला उभी होते, आणि तिथंच रडले. काका पंख्याकडे बघत म्हणाले, "माय, मागं खोली आहे. पण पोती निघाल्याशिवाय खाट मावायची नाय, अन् मशिन आल्याशिवाय पोती निघायची नाय." बाबांनी जरा विचार करून मुदत दिली. "पोळा झाला की येतो. खाट पडली तर ठीक, नाय तर पोरगी घरी."

मशिन म्हणजे कागदाचा चुरा करणारं. ते दुकानात जाऊन घेऊन यायचं, असं आपल्याला वाटतं. दुकानदारानं विचारलं, घरासाठी का ऑफिससाठी? काका म्हणाले, ते खाजगी आहे. रोज किती कागद फाडायचे? ते सांगता येणार नाही. शेवटी दुकानदारानं कंटाळून एक मशिन तपासून बघायला दिलं, आणि तपासणीचं काम काकूंकडे आलं. काकू लहानपणी शेजारच्या हिमरूच्या मागावर तुटलेले धागे जोडायला बसायच्या. त्यांची नजर अशी, की फुटलेल्या बरणीची काचसुद्धा ओळीनं मांडतील. काकूंना जो कागद जुळवता येणार नाही, तो जगात कोणालाच येणार नाही. हार त्यांनी मानली, तरच मशिन घ्यायचं.

पण फाडायला कागद कुणाचा? गिऱ्हाइकाचा नाही, स्वतःचा तर नाहीच. म्हणून काकांनी बबनराव नावाचा एक माणूस तयार केला आणि त्याचा भलामोठा फॉर्म हातानं भरला. आडनाव दिलं नाही. आडनावावरून माणूस सापडतो. या नावाचा खराच कोणी निघाला तर त्याची अडचण नको, म्हणून जन्मतारीख एकतीस फेब्रुवारी.

पहिल्या मशिननं लांब पट्ट्या केल्या. काकूंनी शेंगा निवडता निवडता त्या जुळवल्या आणि म्हणाल्या, "मूळव्याध आहे हो बबनरावांना. तिखट बंद करा म्हणावं." मशिन परत गेलं. दुसऱ्यानं पट्ट्यांचे आडवे तुकडे केले. दोन दिवसांनी काकू फणकारल्या, "दोन बायका? अन् हा माणूस तुम्ही माझ्या घरात आणला?" पुढचा रकाना त्यांनी हळू आवाजात वाचला, "अपत्य, नाही," आणि तेवढा झटकन पुसून घ्यावा तसा हात फिरवून उठल्या. दुसरं मशिनही परत.

एव्हाना श्रावण संपत आला होता. मी कन्नडहून एसटीनं ये-जा करत होते, पहिला तास रोज बुडत होता, आणि परतीच्या गाडीची वाट बघत दुकानात बसून बबनरावांची प्रकृती ऐकत होते. तिसरं मशिन आलं. दर मशिनसाठी काका बबनरावांचा फॉर्म नव्यानं भरत, तसा याही वेळी भरला. त्यानं कागदाचा अगदी दलिया केला. दहा मिनिटं चाललं की ते तापून बंद पडे, मग काका त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत. काकू तीन दिवस परातीवर वाकून बसल्या. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा येणार होते.

त्या दुपारी मी परातीशेजारी बसले होते. काकूंनी डबीएवढ्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेले सात-आठ कण माझ्यासमोर धरले. करंगळीएवढी ओळ होती, काकांच्या बारीक अक्षरात. मी वाचली. काकूंनी तो पुठ्ठा माझ्या मुठीत दाबला आणि दुकानाकडे तोंड करून म्हणाल्या, "हरले मी. ठेवून घ्या ते मशिन."

काका आत आले. "एक अक्षरसुद्धा नाय लागलं?"

"नाय म्हटलं ना."

काका खुश झाले. पण जाताना त्यांनी परातीकडे एकदा वळून पाहिलं, आणि मला वाटलं, त्यांचा चेहरा किंचित उतरला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा आले, तेव्हा चारच पोती निघाली होती, पण खाट पडली होती. काका मशिनला वारा घालत होते. बाबांनी खाट पाहिली, वारा पाहिला आणि माझी पिशवी खाली ठेवली.

त्या खोलीतून मी तीन वर्षांनी पदवी घेऊन निघाले. आता शाळेत शिकवते. काकांच्या दुकानात गर्दी कमी झालीय, लोक मोबाइलच पुढं करतात आणि काका त्यावरही पटकन तळहात ठेवतात. माझ्या पदवीच्या फाइलमध्ये सगळ्यात मागं तो पुठ्ठा आहे: "अपत्य, एक मुलगी." पोती साठायला लागल्यापासून काकांच्या दुकानातून बाहेर गेलेली ही एकच गोपनीय माहिती. तिची प्रत मी कुठंच काढलेली नाही.