आत्याची गाभण बकरी आणि कणकीचा गोळा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, तर माझ्या थोरल्या आत्याचे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवी ते बारावी मी वरूडकडे तिच्या घरी राहून शिकलो. घर दोन खोल्यांचं. मागच्या अंगणात चार-पाच बकऱ्या आणि डालग्याखाली कोंबड्या. आत्याचे यजमान लवकर गेले होते, घर या जनावरांवरच चालायचं. मी बकऱ्या चारायला निघालो की ती माझ्या हातातली काठी काढून घ्यायची. "तू पुस्तक पाह्य. बकऱ्यांले मी आहो ना."

नववीत असताना बकरीच्या पिल्लानं माझी भूगोलाची वही नकाशांसकट खाल्ली. सरांना खरं सांगितलं तर अख्खा वर्ग हसला आणि मला बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी आत्या ते पिल्लू काखेत घेऊन शाळेत हजर. "गुरुजी, वही यानं खाल्ली. पोरगं खोटं नाही बोलत. शिक्षा करा लागते त याले करा." सरांनाही हसू आवरलं नाही. पुढे मी अमरावतीला कॉलेज केलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

आता मी नोकरीनिमित्त मूर्तिजापूरच्या अलीकडे एका खेड्यात राहतो. घरामागे थोडी जागा आहे. तिथं बारा कोंबड्या आणि दोन बकऱ्या पाळल्या आहेत. शेजारी मला हसतात. खुर्चीवरचा माणूस सकाळी उठून लेंड्या झाडतो, याचं त्यांना नवल वाटतं. मला मात्र त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बकरी कुठल्या वावरात शिरली ते तिला दिसेना, म्हणून एकेक करून तिनं सगळ्या विकल्या. एकच ठेवली, काळी, कानांवर पांढरे ठिपके असलेली. ती चार महिन्यांची गाभण होती. ऑपरेशनसाठी आत्या अमरावतीला लेकीकडे जाणार होती. बकरी तिनं माझ्याकडे आणून दिली. दावं माझ्या हातात देताना म्हणाली, "दुसऱ्या कोनाजोळ नसती ठेवली. तू घरचा हायेस."

मी एक माहितीपुस्तिका आणून वाचली. गाभण शेळीला शेवटच्या दिवसांत जादा खुराक द्यावा, असं त्यात होतं. किती आणि कसला द्यावा, हे पुढच्या पानावर होतं. ते पान मी वाचलं नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या संत्र्याच्या बागेत मारोतीचे रोडगे होते. आमच्याकडे असं जेवण शेतातच होतं. कणकीचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, तुपात चुरायचे आणि सोबत वांग्याची भाजी. शंभरेक माणसं जेवली, तरी मळलेली कणिक उरली. घरधनीण म्हणाली, "बकरीले न्या, वाया कावून घालवता?" मला बरंच वाटलं. दीड-दोन किलो पिठाचा तरी तो गोळा असेल. घरी आल्याबरोबर सगळाच्या सगळा मी आत्याच्या बकरीपुढे ठेवला. माझ्या दोघींना हाकलून दिलं, पाहुणीचा वाटा म्हणून. ती मिटक्या मारत खात होती आणि मी कौतुकानं बघत उभा होतो.

सकाळी बायकोची हाक आली. "अवो, बकरी उठून नाही राहिली!"

बकरी कुडाला टेकून पडली होती. डावी कूस टम्म फुगलेली. करकर दात खात होती. रवंथ बंद.

"कनिक किती घातली तुमी?" बायकोनं विचारलं.

"होती तेवढी."

"अख्खा गोळा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बी.ए.ले असताना काय शिकवलं वो तुमाले?"

मी ढोरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत मोटारसायकलवर आले. कुशीवर टिचकी मारून त्यांनी कान लावला आणि माझ्याकडे वळले. "सायेब, बकरी होय का जावई? रोडग्याची कनिक जावयाले. बकरीले तुरीचं कुटार."

मग ते गंभीर झाले. कणिक पोटात आंबते, त्याचं विष होतं, अशा बकऱ्या संध्याकाळपर्यंत जातात, हे त्यांनी काही न लपवता सांगितलं. इंजेक्शन दिलं. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सांगितलं. बायकोनं बकरीची मान धरली आणि मी बाटलीनं घोट घोट पाजू लागलो. "मान वर नका करू लय, फुफ्फुसात जाईल," डॉक्टर ओरडले. नंतर आम्ही तिला उभी केली. मी कूस चोळत राहिलो, अंगणात चार पावलं चालवत राहिलो. त्या दिवशी मी रजा टाकली.

दुपारी आत्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं.

"बकरी खाते ना रे?"

"खाते," मी म्हणालो.

"मंग मी सुखानं डोया कापून घेतो," ती हसली आणि फोन ठेवला.

मी आत्याशी खोटं बोललो होतो. बकरी मेली असती तर तिच्यापुढे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं. मी पुन्हा कूस चोळायला बसलो.

उन्हं उतरता उतरता बकरीनं मोठा ढेकर दिला. त्याचा आंबट भपकारा माझ्या तोंडावर आला. एवढा घाण वास मला आयुष्यात कधी इतका गोड लागला नव्हता. थोड्या वेळानं तिचा जबडा हलायला लागला. बायको म्हणाली, "रवंथ करून राहिली पाहा."

डॉक्टर संध्याकाळी पुन्हा आले. "बकरी वाचली. पोटातल्याचं मी आज काही नाही सांगू शकत."

तीन आठवडे मी तिला कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, आणि सुका चारा यांपलीकडे काही दिलं नाही. रोज ऑफिसला निघण्याआधी उजव्या कुशीला तळहात लावायचो. कधी आतून हलल्यासारखं वाटायचं, कधी काहीच नाही. आत्याचे फोन यायचे, मी "बरी हाये" म्हणायचो. आता ते निदान अर्धं खरं होतं.

एका सकाळी कोंबड्या सोडायला मागे गेलो, तर बकरी उभी राहून काहीतरी चाटत होती. ओलं, काळं, थरथरणारं पिल्लू. बघता बघता दुसरंही आलं. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. दोन्ही धडपडत उठल्या आणि सडाला लागल्या. मी तिथंच उपड्या टोपल्यावर बसलो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाळंतीन तुमी झाले का ती?"

आत्याचे दोन्ही डोळे तोवर चांगले झाले होते. ती चौथीपर्यंत शिकलेली. फोनवर म्हणाली होती, "मले एखांदी चिठ्ठी धाड. डोये कसे झाले ते वाचून पाह्यतो." मी तिला पिल्लांचं फोनवर सांगितलंच नाही. आधी शाळेच्या भाषेत लिहायला बसलो, पण तिच्याशी मी तसा कधी बोललोच नाही. शेवटी असं लिहिलं:

"आत्या,

अक्षरं मोठी काढली हायेत. चश्मा लावून उजेडात वाच.

तुयी बकरी याली. दोन पाटी झाल्या. दोघीही दूध पिऊन राहिल्या. बकरी चांगली हाये, हे पयले सांगतो, मंग बाकीचं.

तुया ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बकरी मरता मरता वाचली. रोडग्याची उरलेली कनिक म्या तिले घातली, अख्खा गोळा. कोनी सांगतलं नव्हतं, मायीच अक्कल. तू फोन केला तवा ती खात नव्हती, पोट फुगून उभी होती. मी खाते म्हतलं. तुया डोयाचं काम होतं म्हनून म्हतलं, पन खोटं ते खोटंच. नंतर रोज सांगाचं ठरवत होतो, पोटातले पिल्लं जगतात का नाही ते समजेना, म्हनून जीभ उचलली नाही.

डॉक्टर चांगला भेटला. तुया सूनबाईनं मान धरली म्हनून औषध पोटात गेलं.

येत्या रविवारी तिघींले गाडीत घालून घेऊन येतो. तुले मायावर भरवसा उरला नसन त तसं सांग, मी वाईट नाही वाटून घेनार. पन रागवाचं ते फोनवर नको रागवू. मी आलो की समोर बसवून रागाव."