मिस्त्रीचे कान

आमचे मिस्त्री ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त करायचे. नव्या ट्रॅक्टरची नाही, जुन्या. सायलेन्सर बोनेटवर उभा, सीट लोखंडाची आणि सुटे भाग भंगारातून हुडकून आणावे लागतात, असे ट्रॅक्टर. आरमोरीच्या रस्त्याला आमचं टिनाचं शेड आणि शेडच्या मागे घर. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या माणसाला बोलता येतच नाही, नुसतं ओरडता येतं. इंजिनाशेजारी आयुष्य काढलं की असंच होतं म्हणे. मग मीही ओरडायला शिकले. माहेरी गेले की आई म्हणायची, "हळू बोल वं, इथी कोनाचं इंजिन सुरू नाई."

त्यांची सगळी विद्या कानात होती. चालत्या इंजिनावर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळानं डोळे उघडले की काय बिघडलंय ते ठरलेलं असायचं. इतर मिस्त्री आधी इंजिन उघडत आणि मग शोधत. आमचे आधी शोधत, मग उघडत. म्हणून तर कुरखेड्याकडचे लोकसुद्धा वाटेतली दुकानं सोडून आमच्याकडे यायचे. मला त्याचा गर्व होता, तो मी लपवायचे नाही.

कान कधीपासून जायला लागले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी आधी चिडायचे. हाक मारली तर ओ नाही, भाजी कशी झाली विचारलं तर उत्तर नाही. मला वाटलं, बायको जुनी झाली आता. भांडणसुद्धा एकतर्फी व्हायला लागलं, आणि असल्या भांडणात जीव नुसता जळतो. शेजारीण म्हणायची, तुझा नवरा भलताच शांत झाला. मी म्हणायचे, शांत कसला, मुद्दाम करतो.

मग एकदा एक शेतकरी त्याचा ट्रॅक्टर न्यायला आला. यायला उशीर का झाला ते सांगत होता. वडील वारले होते. आमचे मिस्त्री खाली मान घालून नोझल पुसत होते. त्यांना वाटलं, तो ट्रॅक्टरबद्दलच विचारतोय. मान वर न करताच म्हणाले, "चांगलं झालं. आता काई तरास नाई, मस्त." तो माणूस बघतच राहिला. मी दारातून धावत गेले, "भाऊ, ते इंजिनाचं बोलून राह्यले, तुमचं ऐकलंच नाई त्यायनं," म्हणून सांभाळून घेतलं. तो ट्रॅक्टर घेऊन गेला, परत कधी आला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून काय झालं ते सांगितलं. हळूहळू, शब्द शब्द सांगितलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"कधीपासून येत नाई ऐकू?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं नाही. बोटं कोरडी होती तरी पुसत राहिले. "कोनाले सांगू नोको," म्हणाले. "बहिऱ्या मिस्त्रीकडे कोन ट्रॅक्टर घेऊन येईल?"

मला त्या क्षणी फार लाज वाटली, इतके दिवस चिडत होते त्याची. पण त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस शेडमध्ये गेला नाही तर करेल काय? शेती नाही, दुसरा हुनर नाही आणि रिकामं बसणं तर जन्मात माहीत नाही. गडचिरोलीला जाऊन कानात घालायचं यंत्र आणलं. घरात त्याचा थोडा उपयोग व्हायचा. पण इंजिन सुरू झालं की सगळाच गोंगाट डोक्यात घुसायचा आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा व्हायचा. शेवटी त्यांनी ते वायसरांच्या डब्यात टाकून दिलं.

उपाय त्यांनीच काढला. एका दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी मला बोलावलं, इंजिन सुरू केलं, तळवा इंजिनावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आवाज कसा येऊन राह्यला?"

मला इंजिनातलं काय कळणार? मला जे सुचलं ते बोलले. "तव्यावर उलथनं आपटल्यावानी."

"एकसारखं, का थांबून थांबून?"

"एकसारखं."

त्यांनी इंजिन बंद केलं, वरचं झाकण उघडलं, काहीतरी कमीजास्त केलं आणि पुन्हा सुरू केलं. उलथनं थांबलं होतं. मी मान हलवली. तेव्हा हसले ते, खूप दिवसांनी. मला म्हणाले, "तू तं मिस्त्रीन झाली."

तेव्हापासून आमचं तेच चालू झालं. गिऱ्हाईक आलं की मी चहा घेऊन जायचे आणि त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहायचे. इंजिन सुरू झालं की नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायची गरजच नव्हती. त्या गोंगाटात एका बाईच्या ओठांकडे कोण बघतं? फोडणीत मोहरी तडतडते तसं, म्हणायचे. भाताचं झाकण वाफेनं उडतंय तसं. कोरडं जातं फिरतंय तसं. तेही नुसते ओठ हलवून विचारायचे, गरम झाल्यावर कमी होतं का, क्लच दाबल्यावर बदलतं का, पुढून येतं की मागून. मी सांगायचे. तळवा इंजिनावर, नजर माझ्यावर, असं थोडा वेळ चालायचं आणि मग ते पाना उचलायचे. लोक म्हणायचे, मिस्त्रीले म्हातारपनी बायकोबिगर करमतच नाई. मी पदर तोंडाला लावायचे.

आता हे लिहिते आहे म्हणून कोणी म्हणेल, बाईनं गुपित फोडलं. मी नाव लिहिलेलं नाही, गावही लिहिलेलं नाही. या रस्त्याला मिस्त्री पुष्कळ झाले.

आमच्या भागात राईस मिली भरपूर. त्यांतल्या एकीच्या मालकाकडे एक फार जुना ट्रॅक्टर होता. कोंड्याचे ढीग उचलायला त्याला पुढून लोडर बसवून घेतला होता. बकेट भरून वर गेली की ट्रॅक्टरचं नाक खाली आणि मागची चाकं हलकी व्हायची. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर पोतं द्यावं तसला प्रकार. मालक मात्र तो ट्रॅक्टर काढायला तयार नव्हता. बापानं घेतलेला होता म्हणे. एकदा त्या इंजिनात ठोका यायला लागला, तोही बकेट उचलतानाच. मालकाला दोघातिघांनी सांगितलं होतं की इंजिन संपलं, भंगारात घाल.

ड्रायव्हरनं बकेट वर घेतली. मी ओठ हलवले, "उखळात मुसळ पडल्यावानी."

त्यांनी तळवा इंजिनावर जरा सरकवला. मग विचारलं, "भरल्या उखळात, का रिकाम्या?"

असा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता. मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. माझ्या माहेरी उखळ होतं, त्यामुळे मला फरक माहीत होता. "भरल्या," म्हणाले मी.

त्यांचे खांदे खाली आले. "मंग वाचलं," म्हणाले आणि मालकाकडे वळले.

काय वाचलं, रिकामं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. घरात चुलीवर आधण ठेवलं होतं. आवाज सांगितला की माझं काम संपायचं. मी भात लावायला जायचे आणि ते इंजिन उघडायचे. मी परत शेडमध्ये यायचे तेव्हा सगळं बसवून झालेलं असायचं. इतक्या वर्षांत मी एकदाही थांबून बघितलं नाही की मी बोलते त्याचं ते आत काय करतात. त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्हाला दोघांनाही वाटलं असावं, की आपण दोघं असणारच आहोत.

धानाच्या रोवणीच्या दिवसात त्यांना ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात ताप येतोच, अंगावर काढला. उतरला, पुन्हा आला, मग डोक्यात गेला. गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मास्क लावून विचारायचे आणि यांना ओठ दिसायचे नाहीत, म्हणून मी मधे बसून सांगायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलू द्या ना बाई. मी म्हटलं, ते कमीच बोलतात. तिथेसुद्धा खरं सांगितलं नाही मी. खाटेशेजारी आरमोरीकडचे दोन पेशंट होते.

मग त्यांची शुद्ध गेली, डोळे मिटले आणि माझं बोलणंच बंद झालं. इतर बायका आपल्या माणसाच्या कानाशी लागून बोलत होत्या. मला ते नव्हतं. डोळे उघडे असले तरच मी त्यांच्याशी बोलू शकत होते. शेवटी मी त्यांचा तळवा उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. घरचंच काहीतरी. तळवा तसाच राहिला, पण त्यांना काही कळलं की नाही ते मला आजही माहीत नाही. या एका गोष्टीनं मी फार रडले आहे, अजूनही रडते.

धानाच्या चुरणीच्या, मळणीच्या दिवसात मिलवाला आला. दुसऱ्या ट्रॅक्टरमागे साखळीनं बांधून तोच लोडरवाला ट्रॅक्टर. मिस्त्री गेल्याचं त्याला माहीत होतं. मातीलाही आला होता. माणूस वाईट नाही.

"बाई," तो म्हणाला, "दुसऱ्याकडं नेतो तं ते भंगार म्हनतात. तुमी तं कायम बाजूले राहात होते. जराक ऐकून पाहा. काई समजलं तं सांगा."

ड्रायव्हरनं साखळी सोडून इंजिन सुरू केलं. मी जवळ गेले. मला सगळं ऐकू आलं. मडक्यात पाणी ओतताना शेवटी जसा आवाज चढत जातो तसं, आणि त्याच्याखाली मधेच एक चुकलेला ठोका. बकेट वर घ्यायला लावली, तर चढता आवाज तुटायचा. इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी मान वर केली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून ओठ हलवले.

मिलवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय झालं बाई? काय म्हन्लं?"

सांगता आलं असतं. मडक्याचं सांगितलं असतं. पण त्यानं विचारलं असतं, म्हंजे काय बिघडलं? त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि मडकं कशाला, उखळ कशाला, हे सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मग या रस्त्यावरच्या हरेक शेडमध्ये बोललं गेलं असतं की इतकी वर्षं आपली इंजिनं एका बहिऱ्यानं उघडली, बायको सांगेल तसं. त्यांची हयातभराची विद्या लोकांनी हसण्यावारी नेली असती.

"मले काई समजत नाई, भाऊ," मी म्हटलं.

त्यानं ड्रायव्हरला साखळी बांधायला सांगितली. ट्रॅक्टर वडसाला न्यायचं ठरलं. मी शेडचं दार ओढून घेत होते. तेवढ्यात तो ड्रायव्हरला म्हणाला, "मिस्त्रीच्या बाजूले उभी राहून जिंदगी गेली बाईची, पन शिकली काईच नाई."

तसा तो हळूच बोलला होता. पण माझे कान अजून चांगले आहेत.