वरची कोरी जागा

ती घटना आठवली की आजही मला माझीच लाज वाटते. खरं तर त्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. लढाईचे दिवस, कागद मिळेनासा झालेला. मी मलकापूर ठाण्यावर फौजदार होतो. मोताळ्याचे एक मास्तर आले. सहा वर्षं खपून त्यांनी वऱ्हाडातल्या गढ्यांवर विद्यापीठासाठी इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. हाताने लिहिलेली एकुलती एक प्रत शाळेच्या कपाटातून गेली होती. मी वैतागलो. बैलचोऱ्यांनी जीव नकोसा केलेला, त्यात हे कागद! तरी फिर्याद लिहून घेतली.

काही महिन्यांनी शाळेच्या शिपायाने कानावर घातलं, "सायेब, आपल्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरचा प्रबंधाचा गठ्ठा विद्यापीठातून टपालानं वापस आला. मांडणी चुकली म्हन्तेत."

गठ्ठा जप्त केला. विषय गढ्यांचाच. टंकलेखन स्वच्छ, समास सरळ, तळटिपा जागच्या जागी. फक्त प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग कोरा. विद्यापीठाने तिथे लाल रेघा ओढल्या होत्या. दुसरे मास्तर म्हणाले, "प्रबंध माझा, टाइपही मीच केला. जागा शोभेसाठी सोडली." दोन तास विचारलं, गडी हलेना.

पण तशी कोरी जागा मी रोज पाहत होतो. कोर्टाच्या अर्जावर फीचं तिकीट लावायला वरचा भाग सोडतात. तसाच उठून कचेरीसमोर लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या अर्जनविसाकडे गेलो.

"हाव, माह्याच मशीनचं काम हाय," तो म्हणाला. "नवा मथळा आला का हात आपोआप जागा सोडते. तिकिटाले नको काय?"

मूळ कागद दुसऱ्या मास्तरांनी त्याला जाळायला सांगितले होते. कागदाच्या टंचाईत कोण जाळतो? त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो अर्जांचे कच्चे मसुदे लिहीत होता. उरलेली चाळीसेक पानं, फिर्यादी मास्तरांच्याच अक्षरातली, समोर ठेवली तेव्हा दुसऱ्या मास्तरांनी चोरी कबूल केली.

टाइप केलेला गठ्ठा मुद्देमाल म्हणून मीच ठाण्याच्या मालखान्यात ठेवला. मास्तरांचा पूर्ण प्रबंध आता तेवढ्यातच उरला होता. प्रबंध देण्याची मुदत पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच आहे, असं मास्तरांनी मला सांगितलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ते ठाण्यावर येत.

"सायेब, माहा प्रबंध सुटला काय?"

"तारखा चालू आहेत," मी सांगे. मास्तरांना त्याची नक्कल करू द्यावी असा अर्ज मी कोर्टात देऊ शकलो असतो. दिला नाही. खोटं कशाला बोलू, कंटाळा केला.

दोन वर्षांनी, मुदत उलटून गेल्यावर, निकाल लागला. चोराला शिक्षा झाली. गठ्ठा हातात घेऊन मास्तरांनी पहिलं पान उघडलं. वरच्या कोऱ्या जागेत गुन्ह्याचा नंबर, ठाण्याचा शिक्का आणि माझी सही होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"बरं झालं सायेब, जागा होती," ते म्हणाले, आणि पान मिटलं.

चोर कसा पकडावा हे मला नोकरीने शिकवलं. मास्तरांचा प्रबंध दोन वर्षं कोणी कोंडून ठेवला, हे मात्र त्या पानावर माझ्याच सहीने लिहिलेलं होतं.